चढावर निसटणारा पाइप

मी एक जुना रबरी पाइप आहे. मित्रांनो, ट्रकमध्ये टर्बो नावाचा एक पंखा असतो. तो हवा दाबून इंटरकूलरकडे धाडतो. तिथे ती थंड होते आणि माझ्या पोटातून इंजिनात जाते. ती वाटेत निसटली तर ट्रकचा दमच तुटतो. त्यामुळे माझा जीव कायम टांगणीला असतो.

मी नवा होतो तेव्हा ड्रायव्हरकाकांनी मला दाबून पाहिले होते. "हा दहा वर्षं हलायचा नाही," ते म्हणाले. त्या एका वाक्यावर मी किती चढ चढलो!

पण काकांना एक खोड होती. दार कुरकुरले, लाव तेल. गुडघा दुखला, लाव तेल. पाळीपाळीने ट्रक चालवणाऱ्या काकू म्हणायच्या, "एक दिवस हे स्टिअरिंगलाही तेल लावतील!" गेल्या महिन्यात काका मला काढून पुन्हा बसवत होते. मी बसेना, तेव्हा त्यांनी माझ्या तोंडात आतून तेल फिरवले. मी सर्रकन बसलो आणि काका खूश झाले. मला मात्र एक ठाऊक होते: जे सहज आत जाते, ते सहज बाहेरही येते.

उभ्या गाडीत मी शहाण्यासारखा बसायचो. चढावर दाब वाढला की सरकायचो, फुसफुसायचो. काका माझ्या गळ्याभोवतीची लोखंडी क्लिप आणखी आवळायचे. ती माझ्या अंगात रुतली, पण तेलावर पकड कसली?

एकदा ट्रकमध्ये आदल्याच दिवशी अंड्यातून निघालेली कोंबडीची पिल्ले होती. दुपारपर्यंत ती दिव्याच्या उबेत पोचली नाहीत तर गारठणार होती. निम्म्या चढावर मी फट्‌कन निसटलो. काळा धूर निघाला, ट्रक थांबला. काकांनी मला बसवून क्लिप आवळली. शंभर पावलांवर मी पुन्हा निसटलो. वारा बोचत होता आणि मागची चिवचिव कमी होत चालली होती. मी भीतीने अर्धमेला झालो.

काकूंनी माझ्या तोंडात बोट घातले. "अहो, हे तर तुळतुळीत आहे! तेल लावलंत?"

"बसत नव्हता ना. थोडंसंच लावलं."

"थोडंसंच!" काकूंनी सॅनिटायझर फडक्यावर ओतून मला आतून पुसले आणि वाळू दिले. "आता कोरडाच बसवा. हात दुखले तरी चालतील."

काकांनी घाम गाळून मला खोलवर बसवले. मी जिवाच्या आकांताने धरून राहिलो. चढ संपला, पण चिवचिवही थांबली.

कोंबडीपालन करणाऱ्या बाईंच्या दारात पोचलो. मला दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. खोक्याचे झाकण निघाले. शांतता. मग एक बारीक 'चिव्' आले. मग दुसरे. मग एकच गलका!

"झोपली होती हो लबाडं," काकू रडत-रडत हसल्या.

थोड्या वेळाने काकांनी बॉनेट उघडले. मित्रांनो, एखादी मुकी वस्तू फुसफुसते तेव्हा ती तक्रार करत नसते, मदत मागत असते. तिला नुसते आवळू नका, आधी नीट चाचपून बघा. काकांनी त्या दिवशी तेच केले. पण मला हात लावण्याआधी त्यांनी तो हात विजारीला दोनदा पुसला.