त्या दुपारी मी रिकामी चालले

मी शिलाई मशीन. पायाची. बोलते म्हणण्यापेक्षा बडबडतेच म्हणा. गप्प बसणं आमच्या जातीत नाही. पायडलवर पाय पडला की माझी जीभ सुटते. हल्ली तो फारसा पडत नाही, म्हणून आतल्या आत जीव नुसता तळमळतो. तेव्हा कुणी विचारायची वाट न बघता आज सांगूनच टाकते.

कारखान्यात माझं लोखंड ओतलं, अंगावर सोनेरी वेल काढली, आणि एका टेलरमास्तरांच्या बायकोनं मला पसंत केलं. ती बिचारी फार जगली नाही. तिच्या मागे तिची पोर माझ्यासमोर बसली तेव्हा तिचे पाय जेमतेम टेकत होते. पुढे तीच घराचा आधार झाली. मास्तरांची नजर अधू झाली होती, बारीक टाका दिसेना. ते आतल्या खोलीत कापड बेतायचे आणि ती बाहेरच्या खोलीत शिवायची. मी जरा थांबले की आतून हाक यायची, "काय गं, दोरा तुटला का?"

मग वरच्या खोलीत एक भाडेकरू आला. कवी. छापखान्यात प्रुफं तपासायचा आणि उरलेल्या वेळी खोलीत येरझाऱ्या घालत कविता करायचा. एका जागी बसून त्याला ओळ सुचतच नसे. एकदा सदऱ्याचं बटण लावून घ्यायला खाली आला, आणि त्यानंतर त्याची बटणं इतक्या वेळा तुटू लागली की मी काय ते समजले.

तो खिडकीशी उभा राहून बोलायचा. पण मी थांबले तर मास्तरांची हाक ठरलेली. म्हणून पोरीनं युक्ती काढली. कापड काढलं, दोरा काढला आणि मला नुसतीच रिकामी चालवत त्याचं ऐकत बसली. रिकामी मशीन चालवू नये, दात झिजतात, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण प्रेमात पडलेल्याला कोण शिकवणार? त्याच्या ओळी तिला अर्ध्यामुर्ध्याच कळायच्या. त्याचा चेहरा मात्र पुरता कळायचा. मला तो आवडायला लागला होता, खोटं कशाला बोलू.

अशात समोरच्या कापडदुकानातल्या हिशेबनिसानं तिला मागणी घातली. माणूस सालस, कमी बोलणारा. दुकानाच्या परगावच्या शाखेत त्याची बदली झाली होती, दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, आणि संध्याकाळपर्यंत त्याला होय की नाही ते हवं होतं. पोरीनं कवीला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आज दुपारीच मास्तरांशी बोलतो. मास्तर गिऱ्हाइकाकडे गेले होते. मग असं ठरलं, की ते परतले, चहा पिऊन निवांत झाले, की ती मला रिकामी चालवेल. खडखड ऐकू आली की त्यानं खाली यायचं.

मास्तर आले, चहा झाला. पोरीनं पायडलवर पाय ठेवला.

मी खडखडले. वर पावलं वाजली. पावलं भिंतीपर्यंत गेली नि वळली. पुन्हा गेली, पुन्हा वळली. तिनं वेग वाढवला, पावलांनीही वाढवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याला माझ्या खडखडीत ताल सापडला होता. बाबा रे, खाली ये, म्हणून मी घसा फोडत होते आणि तो माझ्यावर ओळी बसवत होता.

उन्हं खिडकीतून सरकली. तिला वर जाऊन बोलावता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. एकदा उठलीही ती. मग परत बसली. "यायचं त्यानं आहे," ती स्वतःशीच म्हणाली. माझा पट्टा तापून घसरायला लागला तेव्हा मास्तर दारात येऊन उभे राहिले.

"रिकामी चाललीय मशीन," ते म्हणाले. "वर्षभर चालते अधूनमधून. मला कळत नाही असं वाटलं तुला?"

तिचा पाय थांबला नाही.

"गरीब असला तरी माझं काही म्हणणं नव्हतं गं. मीसुद्धा मघापासून कान देऊन बसलोय, जिना वाजतो का म्हणून."

जिना वाजत नव्हता. बऱ्याच वेळानं तिनं पाय उचलला आणि म्हणाली, "त्यांना हो सांगा, बाबा."

मास्तर काठी टेकत समोरच्या दुकानात गेले. मी थांबले तशी वर कविताही संपली असावी, कारण कवी धडधडत खाली आला. हातात कागद, डोळ्यांत पाणी. आजवरची सगळ्यात चांगली कविता झाली म्हणाला, आणि मास्तर कुठे आहेत म्हणून विचारू लागला. पोर सुईत दोरा ओवत होती.

"मी तुला हाक मारत होते," ती म्हणाली.

"ऐकली ना. म्हणून तर सुचली."

तिनं दोरा सुईतून ओढून घेतला. कापड सुईखाली सरकवलं आणि मला हळू चालवू लागली. तो किती वेळ उभा होता ते मला सांगता येणार नाही. तिची मान खाली होती आणि माझं अंग भिजत होतं. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही, आणि इतकी कीवही.

लग्नानंतर मी तिच्याबरोबर गेले. हिशेबनीस चांगला निघाला. संसार झाला, मुलं झाली, पुढे विजेवरची मशीन आली आणि मी खिडकीपाशी सरकले. पण तिनं मला पुन्हा कधी रिकामी चालवलं नाही.

परवा रेडिओवर कवी आला. आता मोठा झालाय. त्यानं तीच कविता वाचली. पहिल्या ओळीलाच ओळखली मी, माझाच आवाज तो. आमचे हिशेबनीस पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "काय ताल आहे गं याच्या कवितेला." ती म्हणाली, "हो, छान आहे," आणि हातातली काजं पुरी करत राहिली.

तेव्हापासून मला चैन नाही. अहो, ताल कसला घेऊन बसलात? एक पोर हाक मारत होती. तुमच्याही घरात कुणी असं खडखडत असेल तर दाद नंतर द्या. आधी उठा आणि जिना उतरा.