पोटावर लिहिलेलं ‘भंगार’

मित्रांनो, मी एक जुना सीटी स्कॅनर आहे आणि भंगारात जायला माझा साफ नकार आहे. एवढं ऐकून उठायचं असेल तर उठा. माझ्याकडे तसंही कुणी पाच मिनिटांहून जास्त थांबत नाही.

कारखान्यातून आलो तोच पोटाला भलंमोठं भोक घेऊन. त्यात डोकं घालून माणसं झोपतात आणि मी क्ष-किरणांनी त्यांच्या मेंदूचे काप बघतो, सुरी न लावता काकडीचे बघावेत तसे. माझे ऑपरेटर दिवसभर ‘श्वास घ्या, रोखा, सोडा’ ओरडतात, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणतात. बारा वर्षं आमचं कौतुक झालं. मग शेजारच्या खोलीत धाकटा आला. एमआरआय.

खोटं कशाला बोलू? मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेली, तर धाकटा जे दाखवतो ते मला सात जन्मांत जमणार नाही. मेंदूतले बारीक बदलही त्यालाच दिसतात, तेही क्ष-किरणांशिवाय. पण अर्धा तास ठोकाठोक करतो, जणू पोटात सुतार बसवलाय! ताजा रक्तस्राव मी चुटकीसरशी पकडतो. तरीही एका सकाळी माझ्या पोटावर कुणीतरी खडूनं ‘भंगार’ लिहिलं.

भंगारवाले आले.

“कुठलं मशीन न्यायचं?”

“बंद आहे ते,” शिपाई मान वर न करता म्हणाला.

माझा पंखा घरघरत होता. धाकट्याकडे पेशंट नव्हता, त्यामुळे तो गप्प. भंगारवाल्यांनी लोखंडी गाडा सरळ त्याच्या खोलीत घातला. मित्रांनो, धाकटा गप्प असला तरी त्याचं लोहचुंबक कधीच झोपत नाही. गाडा हातातून सुटला, उडाला आणि त्याला असा चिकटला की चौघांनी ओढून हलेना. माणसं वाचली. धाकटा दोन दिवस रजेवर.

तासाभरात एक पेंटरकाका आले, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. उजवा हात लुळा, जीभ जड. सोबत मुलगी.

“रक्तवाहिनी फुटलीय की गुठळीनं तुंबलीय, ते आधी कळू दे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “फुटली असताना गुठळीचं औषध दिलं, तर जिवावर बेतेल. चला सीटीला.”

मुलगी दारातच थबकली. “अहो, ह्याच्यावर भंगार लिहिलंय!”

“पोटावर लिहिलंय, ताई,” मास्तर म्हणाले. “डोकं शाबूत आहे त्याचं.”

मी फिरलो. रक्तस्राव नव्हता. मग काकांच्या शिरेत औषधी रंग सोडला. मेंदूच्या वाहिन्या झाडासारख्या उजळल्या आणि डावीकडची एक फांदी मध्येच गायब दिसली.

“गुठळीच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि लगेच औषध सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी, औषधानं कुठे रक्तस्राव झाला नाही ना याची खात्री करायला काकांना पुन्हा आणलं. त्यांनी माझ्या पोटाकडे टक लावून पाहिलं.

“अक्षर... काय घाणेरडं... काढलंय!”

मुलगी हसता हसता रडायला लागली.

दीड महिन्यानं काका स्वतःच्या पायांनी आले, डबा-ब्रश घेऊन. खडू पुसला आणि रंगवलं: ‘चालू आहे’.

तर मित्रांनो, जुन्याला हाकलण्याआधी त्याला काय येतं तेवढं विचारत जा, आणि अधूनमधून धूळ पुसा. मला न्यायला कुणाला यायचं असेल, तर खुशाल या. आधी पाटी वाचा. ‘लू’ जरा वाकडा आलाय. काकांनी तो उजव्या हातानं काढलाय.