लांब जाणारी चकती

शेजारची आनंदीबाई दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या एका हातात मालनच्या चपला होत्या आणि दुसऱ्या हातात निळी प्लास्टिकची चकती.

"भावजी, सदरा घाला. मालन मैदानावर पडली."

गुणाजीने गॅस बंद केला. चहा बायकोसाठीच ठेवला होता. "पडली म्हणजे? उठली ना?"

आनंदीबाईने वाकून त्या चपला उंबऱ्याच्या आत, रोजच्या जागी नीट लावून ठेवल्या. तेव्हा गुणाजीला कळलं.

घोडपदेवच्या त्यांच्या चाळीतल्या काही बायका सकाळी मैदानावर जायच्या. खांदे धरलेल्या बायकांसाठी एका डॉक्टरीणबाईंनी तिथे खेळ सुरू केला होता. डिस्क गोल्फ. साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली; लांबून चकती फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. गुणाजी हसायचा.

"ह्या वयात थाळ्या कसल्या फेकता?"

"तुमचा मागावरचा धोटा नाही का इकडून तिकडे पळायचा?"

"धोटा परत यायचा. तुझी थाळी आणायला चालत जावं लागतं."

"म्हणून तर डॉक्टरीण खेळायला लावते."

संप होईपर्यंत गुणाजी लालबागच्या गिरणीत विणकर होता. गिरणीने परत घेतलं नाही. मालनने फणसवाडीत धुणी धरली, त्यावर घर तरलं. पुढे त्याला शाळेत वॉचमनची नोकरी लागली, तरी तिची धुणी बरीच वर्षं चालू राहिली.

दहाव्याला बाणगंगेवर कावळा शिवेना. पिंडासमोर मुलगी कमल हात जोडून म्हणाली, "आई, बाबांना मी माझगावला घेऊन जाईन. एकटं ठेवणार नाही." कावळा कठड्यावरून हलला नाही. गुणाजी म्हणाला, "गोळ्या वेळेवर घेईन." कावळ्याने मान फिरवली. भटजी दर्भाचा कावळा करायला निघाले, तेवढ्यात मागून आनंदीबाई ओरडली, "मालन, तुझी ती लांब जाणारी चकती आणतो गं! भावजी आणतील!"

कावळा उतरला.

कमल बघतच राहिली. "कसली चकती, बाबा?"

गुणाजी पिंडावरच्या कावळ्याकडे बघत होता. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोची इच्छा राहून राहून राहिली ती ही?

पुढच्याच आठवड्यात तो आनंदीबाईला घेऊन धोबी तलावाच्या एका खेळाच्या दुकानात गेला. दुकानदाराने खोका पुढे ओढला. "डिस्टन्स ड्रायव्हर ना? लांब फेकीची डिस्क. बघा."

एकसारख्याच दिसणाऱ्या चकत्या. प्रत्येकीवर चार आकडे. गुणाजीने लाल चकतीच्या कडेवरून अंगठा फिरवला. धार पातळ, हाताला वजनदार. धोटा असाच पारखायचा, जड असला की सरळ जायचा. "ही द्या."

"जोर आहे का हातात? ही वेगाला बारा नंबरची. जोरात गेली तर सगळ्यात लांब. हळू फेकली तर लगेच वळून खाली. ही पिवळी घ्या, वेगाला नऊ, हलकी. नवीन माणसाची हीच लांब जाते."

"म्हणजे लाल लांब जाते की पिवळी?"

"ते फेकणाऱ्यावर आहे, काका. कोण फेकणार?"

"माझी बायको."

"मग त्यांनाच घेऊन या ना. उजवा हात की डावा?"

"उजवा," गुणाजी म्हणाला.

"डावा," आनंदीबाई म्हणाली.

दुकानदार दोघांकडे पाहत राहिला.

"मालन डावरी नव्हती," गुणाजी म्हणाला.

"उजवा खांदा वर जात नव्हता तिचा. धुण्यांनी गेलेला. मैदानावर डाव्यानेच फेकायची. दरवेळी त्या गुलमोहराच्या अलीकडे पडायची चकती. म्हणायची, लांबवाली मिळाली तर झाड ओलांडीन."

"कशी फेकायची?"

"आता इथे?"

"दाखवा ना, वैनी."

आनंदीबाईने पदर खोचला. डावा हात पोटाशी घेतला, हळूच सोडला, आणि शेवटी मनगटाला एक झटका दिला. गुणाजी मागे सरकला. हे त्याने पाहिलं होतं. गॅलरीतल्या उंच दांडीवर मालन ओलं लुगडं असंच डाव्या हाताने भिरकावायची. दांडीवर कपडे टाकायची काठी मोडली म्हणून अशी टाकते, असं त्याला वाटायचं. काठी तर कोपऱ्यातच होती, धड. वर जात नव्हता तो खांदा.

"पिवळी द्या," तो म्हणाला. मग थांबला. "पण वैनी, कबूल तर लांबची केलीय. हा पिवळीला कमी वेगाची म्हणतो."

"कावळ्याला नंबर सांगितला नव्हता, भावजी. घ्या."

चाळीत आल्यावर आनंदीबाई मार्कर पेन घेऊन आली. मैदानावर चकत्यांची अदलाबदल होते, म्हणून सगळ्याजणी मागच्या बाजूला आपापलं नाव घालतात.

"काय लिहू? मालन?"

गुणाजीने चकती उलटी केली. "फेकणार कोण?"

"तुम्ही या की उद्या सकाळी."

"मग माझं नाव?"

"तुमची इच्छा नव्हती ना, तिची होती."

"ती फेकणार नाही."

"तेही खरं." आनंदीबाई पेनाचं टोपण लावत-काढत बसली. "विचार करा. मी येते परत."

ती परत दोनदा येऊन गेली. पिवळी चकती फळीवर आहे, मालनच्या निळ्या चकतीवर ठेवलेली. निळीवर मालनचं नाव आहे. पिवळीवर नाव घालायचं राहिलं आहे.