कंट्रोलची घरं

दोन हजार तीन साली डॉक्टर मुळीक फोंडाघाट उतरून आमच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हाच मी मनाशी म्हटलं, ह्या माणसाचं काहीतरी वेगळंच आहे. घाटावरचा डॉक्टर किनाऱ्यावर राहतो तो बदलीची वाट बघत. हा मात्र आल्याआल्या मीटिंग घेतो आणि मला विचारतो, "सिस्टर, वाडीत काविळीची साथ आहे. ती कशातून आली, हे आपण कधी शोधलं का?"

आता हे काय विचारणं झालं? साथ आली की वर कळवायचं, विहिरीत पावडर टाकायची, पुण्याची माणसं आली तर चहा पाजायचा. शोधायचं ते वरच्यांनी! सरकारी नोकरीत कुणी 'शोधा' म्हटलं की कुणाच्या तरी मानेवर येतं. आमचे आरोग्यसेवक गुरुदास माझ्या कानाशी लागले, "सुगंधाबाई, ही चौकशीच. नाव तेवढं संशोधनाचं."

"चौकशी नाही," डॉक्टर म्हणाले. कान तिखट होते मेल्याचे. "आपलं आपण शिकायचं. एका आजारी घरामागे दोन धडधाकट घरं घ्यायची आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारायचे. पाणी कुठलं, खाल्लं काय. फरक सापडला की कारण सापडलं. ह्या धडधाकट घरांना म्हणायचं कंट्रोल."

मला वाटलं, ह्याला कुठेतरी स्वतःचं नाव छापून आणायचं असणार. तरी मी गप्प बसले, कारण वाडीतल्या काशीरामदादांची सून दीपिका सात महिन्यांची पोटुशी होती. कावीळ पोटुशा बाईचं काय करते ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दीपिका ठणठणीत होती. तिला तशीच ठेवायची तर कुठलं पाणी वाईट, हे कळायलाच हवं होतं.

काशीरामदादा घरापुढच्या खळ्यात जाळं सांधत बसले होते. मी म्हटलं, "दादानू, डॉक्टरान तुमचां घर कंट्रोलात धरल्यान."

त्यांचा हात थांबला. "कंट्रोलात? कित्याक?"

"तपास आसा. दोन प्रश्न इचारूचे आसत. पाणी खयचां पितात?"

"पंचायतीच्या बावडीचां. दुसरां खयचां असतलां?"

दीपिका दारात उभी होती. ती काहीतरी बोलायला गेली, तशी सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि ती आत वळली. मला ते खटकलं. पण सासरे सुनेकडे असे बघतातच, म्हणून मी पुढे गेले.

पुढच्या घरी माझ्या आधी बातमी पोचलेली. मासे विकणारी गंगू एरवी मला हात धरून आत ओढते, चहा घेतल्याशिवाय सोडत नाही. त्या दिवशी दार अडवून उभी. "आमी पंचायतीच्या बावडीचांच पितो गो." मी पाण्याचं अजून नावसुद्धा काढलं नव्हतं! सगळ्या वाडीत तेच. आजारी असो, धडधाकट असो, एकच उत्तर, आणि माझी पाठ वळली की कुजबुज.

केंद्रात डॉक्टर कागदांसमोर कपाळाला हात लावून बसले. "आजारी आणि निरोगी, सगळे एकाच विहिरीवर. फरकच नाही. असं कसं होईल?"

"लोक खोटं बोलतायत, सर."

"पण का बोलतील?"

"ते मला काय विचारता? शोधायची हौस तुम्हाला!" मी फाडकन म्हटलं. शेवटी नेहमीसारखी पंचायतीच्या विहिरीत पावडर पडली आणि गुरुदास गालातल्या गालात हसले.

आठवडाभरात गंगू धापा टाकत आली. दीपिका काल सकाळपासून ओकत होती. मी आणि डॉक्टर गाडी घेऊनच गेलो. मी पोरीच्या पापण्या वर केल्या. डोळे हळदीसारखे पिवळे.

"पाणी कुठलं पिते ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"पंचायतीच्या..." काशीरामदादांनी सुरुवात केली.

"मामंजी, पुरे आता!" दीपिका अंथरुणातूनच म्हणाली. "सायबानू, परसात आमची बावडी आसा. मे महिन्यात खणली. पंपाची मोटार आसा. अर्धी वाडी थयसूनच पाणी व्हरता."

परसात माडाच्या झापांखाली विहीर झाकलेली, आणि तिच्या अगदी अंगाला शेजाऱ्यांच्या नव्या संडासाचा खड्डा. आजारी घरं सगळी ह्याच पाण्यावरची. डॉक्टरांना काही उमगेना, ही विहीर लपवायची कशाला? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, आमच्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान! कंट्रोलचं रॉकेल, कंट्रोलची साखर. त्यात पिवळ्या कार्डांची छाननी चाललेली, आणि घरात मोटार दिसली की कार्ड जाणार अशी आवई उठलेली. दादांचं कार्ड वाचवायला सगळी वाडी खोटं बोलली होती. ह्या घाटावरच्या शहाण्याला जगात दुसरा शब्द मिळाला नाही!

पण राग निघाला तो काशीरामदादांवर. "शिरा पडली तुमच्या त्या मोटारीर! वीस वर्षां मी ह्या घरात येतंय. तुमच्या झिलाक पोलियोचो डोस मी दिलंय. आणि माका खोटां सांगलास?"

म्हातारा ओक्साबोक्शी रडायला लागला. "तुका नाय गो सांगलंय खोटां. त्या दिवशी तू खंय इल्लंस? त्या दिवशी सरकार इल्लां."

आम्ही दीपिकाला उचलून गाडीत ठेवलं आणि ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाच्या वाटेला लागलो. डॉक्टर पुढे बसून ड्रायव्हरला घाई करत होते. दीपिकाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कसालच्या अलीकडे तिनं माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला.

"सिस्टर, पोर हालता मा?"

मी हात दाबून धरला. जागा बदलून पुन्हा धरला. हाताला काहीच लागत नव्हतं.

"हालता गो," मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता.