चौथं पाकीट

"आये, आत ये ना. तिथं बाहेर काय बसलीस?"

"ऱ्हाऊ दे गो. अंगात कणकण हाय माझ्या. तू जा, तुझं बघ. खोळंबलीत सगळी."

राहीनं नऊवारीचा काष्टा सारखा केला आणि देवळाच्या पायरीवरून पुन्हा एकदा आईकडे पाहिलं. वीसेक पावलांवर, सुरंगीच्या झाडाखाली काशीबाई पदर घट्ट लपेटून बसली होती. झाड गच्च फुललं होतं, पण मांडीवर पडलेलं एक फूलसुद्धा आईनं उचललं नव्हतं. रामनवमीला देवळाबाहेर बसलेली काशीबाई वाडीनं कधी पाहिली नव्हती. पाडव्यापासून रोज कीर्तनाला पहिल्या ओळीत, खांबाला टेकून, कीर्तनकाराच्या आधीच पुढचा शब्द पुटपुटणारी बाई ती. आणि आज पोरगी पहिल्यांदाच रामजन्माच्या कीर्तनाला उभी राहणार, तर ही बाहेर.

कालपासूनच तिचं काहीतरी बिनसलं होतं. राही कामावरून आली तेव्हा चूल थंड होती. "आज तूच कर जेवण," म्हणाली, आणि पडवीत वेगळी चटई टाकून पडली. कपाळाला हात लावायला राही पुढं झाली, तर झटकन मागं सरली. "शिवू नको. तुझ्या गळ्याला लागल. उद्या उभं ऱ्हायचंय तुला."

आतून आप्पांची हाक आली. आप्पा देवळातले जुने कीर्तनकार. चाळीस वर्षं त्यांनी इथं रामजन्म केला होता. यंदा घसा बसला तो उठलाच नाही, म्हणून शिष्येला उभं करून ते स्वतः पेटीवर बसले होते.

"घड्याळ बघ हो राही," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "बाराला जन्म व्हायला हवा. तू बोलायला लागलीस की थांबत नाहीस. राम ताटकळायचा."

सगळे हसले. राहीनं झांजा उचलल्या आणि नमन सुरू केलं.

राही अठ्ठावीस वर्षांची होती. रत्नागिरीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात कारकून. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी, मधल्या वेळात पुस्तकांवर शिक्के. नोकरी करता करता ती इंग्रजी घेऊन एम. ए. झाली, आणि गेल्या दिवाळीत तिनं साहित्याच्या पुढच्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या चार विद्यापीठांना अर्ज धाडले. शेजारच्या गंगूकाकीनं विहिरीवरच सगळ्यांसमोर विचारलं होतं, "अमेरिकेत जाऊन गोष्टी शिकनार? मग आता अमेरिकेतली मान्सं हितं मासे पागायला येतीत!"

अर्जासोबत निबंध लिहायचा होता. राहीनं कीर्तनावर लिहिला. कीर्तन ऐकणाऱ्याला गोष्ट आधीच ठाऊक असते, तरी तो वाट का पाहतो, एवढाच त्यातला प्रश्न. लिहिताना तिला वाटलं होतं, आपल्याला याचं उत्तर माहीत आहे. जानेवारीपासून स्वतः वाट पाहू लागली तेव्हा कळलं, की उत्तर बरंच लांब आहे.

तीन पाकिटं आली. तिन्ही पातळ, तिन्हींत नकार. राहिलं चौथं. तिला मनापासून जायचं होतं ते हेच विद्यापीठ. तिथले एक प्राध्यापक खेड्यापाड्यांत तोंडी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींवर काम करत. पंधरा एप्रिलच्या आत काय ते कळणार होतं, आणि आज सात तारीख. लवू पोस्टमनला तिनं विचारणं सोडलं होतं. तोच लांबून मान हलवायचा.

आई मात्र एका शब्दानं विचारत नसे. वाट पाहण्यात तिचा जन्म गेला होता. राहीचे बाबा, भिकाजी, मालवाहू बोटीवर खलाशी. वर्षातले नऊ महिने पाण्यावर. शेवटचं पत्र शिमग्याच्या आधी आलेलं, आफ्रिकेतल्या कुठल्याशा बंदरातून.

पूर्वरंगात राहीनं शबरी घेतली. "शबरीला कुणी कळवलं नव्हतं हो, की अमुक तारखेला येतो म्हणून," ती म्हणाली. "तरी ती रोज अंगण झाडायची. तुम्हीआम्ही काय करतो? पत्र आलं नाही की झाडू कोपऱ्यात!" बायका हसल्या. आप्पांनी पेटीवर हळूच सूर धरून ठेवला. मग आख्यान लागलं. दशरथाचा यज्ञ, पायसाचे वाटे, कौसल्येचे भरत आलेले दिवस. पावणेबारा झाले तसं देऊळ गप्प झालं. प्रत्येकाला ठाऊक होतं की बाराला राम जन्मणार. दरवर्षी जन्मतो. तरी म्हातारी माणसं माना उंच करून पाळण्याकडे पाहत होती, जणू यंदा काय होईल ते सांगता येत नाही.

दारातून सुरंगीचं झाड दिसत होतं. आई रडत होती. पदर तोंडात धरून, खांदे हलत होते. कौसल्येसाठी रडतेय, राहीला वाटलं. आपलं निरूपण तिथवर पोचतंय याचं तिला समाधानही वाटलं, आणि तिचा सूर आणखी मोकळा झाला.

बारा वाजले. घंटा, गुलाल, गजर. बायकांनी पाळण्याची दोरी ओढली. आई आली नाही.

गर्दी ओसरल्यावर राही सुंठवड्याची पुडी घेऊन झाडाखाली गेली. "घे आये. कसं झालं?"

"चांगलं झालं. आप्पांसारखं झालं." आईनं हात पुढं केला नाही. "तो परसाद ठेव बाजूला. खाली बस. बसलीस? आता ऐक. काल लवू पत्र देऊन गेला. भायेरदेशातलं. कोपरा फाटलेला हुता."

कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे मरणाची बातमी. ते घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि तिथंच फाडायचं.

"लवूनं पाणीसुद्दा घेतलान नाय. गडग्यावर ठेवलान, येतो वयनी म्हणाला, आणि खाली बघून गेला. उघडलं तर इंग्रजी. बोटीच्या कंपनीबिगर कोण लिवनार इंग्रजीत? तुझे बाबा..."

"आणि तू कालपासून... मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं आसतं तर सुतक लागलं आसतं तुला. देवळात पाय टाकता आला नसता. ज्याच्या कानावर गेलं नाय त्याला सुतक नाय, आप्पाच सांगतात ना? म्हटलं, माझ्या वाटचं मी बाहेर बसून धरते. पोरीचं कीर्तन होऊ दे." तिनं आता मोकळेपणानं डोळे पुसले. "त्यांना पण आवडलं आसतं गो. बोटीवर सगळ्यांना सांगायचे, माझी पोर कीर्तन करते."

"पत्र कुठंय?"

"फाडलं. पण टाकवलं नाय मला. गडग्यात ठेवलंय, चिऱ्यांच्या फटीत."

दोघी घराकडे धावतच गेल्या. आवाराच्या भिंतीतल्या एका फटीत आईनं तुकडे कोंबून वर दगड लावला होता. राहीनं ते ओच्यात काढले. पाकिटाचा एक तुकडा वर होता. तिकिटासकट कोपरा कुणीतरी, कुठंतरी फाडून घेतला होता. परदेशी तिकिटांचा नाद असतो माणसांना. त्याखाली टाईप केलेलं नाव होतं. भिकाजीचं नव्हे. कुमारी राही भिकाजी नाचणकर.

"आये," राही म्हणाली, "हे माझं आहे. बाबांचं नाही. कंपनीचं नाहीच. बाबा बरे आहेत!"

"तुझं?"

"विद्यापीठाचं. तिकिटासाठी कोपरा फाडलाय कुणीतरी. बाबांना काहीसुद्धा झालेलं नाही."

काशीबाईनं आधी तोंडावर हात ठेवला. मग ती मटकन खाली बसली आणि हसायला लागली. रडत होती आणि हसत होती. "मेला तो लवू! खाली मान घालून गेला तो! येऊ दे उद्या, त्याला पाणी नाय, ताक पाजते, मिरची घालून!" तिनं राहीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. कालपासून पहिल्यांदा शिवली ती लेकीला. सुंठवडा तिथंच, अंगणात उभ्यानं खाल्ला.

राही हसली. ओच्यातल्या तुकड्यांतला एक तिनं वाचला होता, आणि त्यावर जो शब्द होता तो आधीच्या तिन्ही पत्रांतही होता. तिनं ओचा मिटला. बाबा जिवंत असल्याच्या या दुपारी त्या शब्दासाठी अंगणात कुठंच जागा नव्हती.

पण आईच्या चटकन ध्यानात आलं. हसू थांबलं. "म्हंजे मी तुझं पत्र फाडलं. ज्याची तू एवढी वाट बघत हुतीस ते."

"जोडू. काही बिघडत नाही."

पडवीत पाट मांडून दोघी बसल्या. रात्रीच्या भाताची शितं चोळून राहीनं एका कागदावर तुकडे चिकटवले. तळाचा एक मिळाला नाही. आई प्रत्येक तुकडा बोटानं दाबत होती, त्यात काय लिहिलंय हे माहीत नसताना.

"वाच."

राहीनं वाचलं. कीर्तनात संस्कृत श्लोक म्हणून मग मराठीत सांगावा, तसं एकेक वाक्य सांगत गेली. "यंदा जागा फार थोड्या होत्या आणि अर्ज पुष्कळ. तुमचा निबंध आम्ही सगळ्यांनी मिळून वाचला. गोष्ट ठाऊक असून वाट पाहणाऱ्या माणसांचं जे लिहिलंत, त्यावर आमच्यात बराच वेळ बोलणं झालं. तरी आम्हाला तुम्हाला घेता येत नाही, याचं वाईट वाटतं."

आई तिच्याकडे बघत राहिली. "हो म्हणाले आसतील. मी फाडलं म्हणून तू नाय म्हणून वाचतेस."

"आज रामनवमी आहे आये. तासाभरापूर्वी कीर्तन केलंय मी. आज खोटं वाचेन?"

आईनं पत्रावर हात ठेवला. "माणूस भला दिसतोय पण. नाय म्हणताना दुखावलान नाय."

"हो."

"मग उत्तर धाड त्याला."

"कसलं उत्तर? त्यांनी नाही म्हटलंय. संपलं ते."

"संपलं कसं? पानभर लिवलान ना त्यानं? पोचलं की नाय ते त्याला कसं कळनार? एवढ्या लांब पत्र टाकायचं आणि पोचल्याचं कळायचं नाय, म्हंजे जीव कसा होतो ते मला विचार. नको ठेवू कुणाला तसं."

राही हसणार होती. तिथं टेबलावर अशा शेकडो पत्रांच्या नकला असतील, त्यांची कुणी वाट पाहत नसतं, हे सांगायला तिनं तोंडही उघडलं. पण आई तिच्याकडे अशी बघत होती की तिनं ते मिटलं, आणि आत जाऊन हवाई पत्र आणलं. होकार आला तर त्याच दिवशी कळवता यावं म्हणून ते घेऊन ठेवलं होतं. निळा कागद पाटावर पसरून तिनं वर तारीख घातली, आणि आपलं पत्र पोचलं, आभारी आहे, एवढं इंग्रजीत लिहिलं. सही करायला पेन खाली नेलं.

"थांब," आई म्हणाली. "आणि लिव, घरी सगळी खुशाल आहेत."

राहीनं तेही लिहिलं.