कस्तुराबाईंची परात

मी एक जुनी पितळी परात आहे. मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. काठ दोन ठिकाणी चेपलाय, बूड काळं पडलंय, पण मी काही बाजारातून तोलून आणलेली नाही. तांबटाने मला चार दिवस ठोकून घडवलं आणि काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं, ‘चि. कस्तुरा हिस, बंधू गुलाबराव, आसेगाव.’ मला वाचता येत नाही. अंगावर आहे तेवढंच अक्षर, तीच माझी शाळा.

कस्तुराच्या लग्नात वडील नव्हते. मोठा भाऊ गुलाबराव, त्यानेच माझ्यात नवरदेवाचे पाय धुतले. नवरदेवाचे पाय देवाचे मानतात, त्याचा विटाळ नसतो. मी घासूनपुसून तिच्याबरोबर शेलूबाजारला आले आणि चुलीपाशी बसले. माझ्यात मळलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकर कधी फाटली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, खरं म्हणून सांगते.

चार वर्षांनी कस्तुराचे मालक रामराव तापाने फणफणले. वाशीमला मिशनच्या दवाखान्यात दोन महिने होते. तिथे परक्या माणसांनी त्यांची सेवा केली ती दोघांच्या मनात बसली. घरी आल्यावर दोघांनी बाप्तिस्मा घेतला. मग गुलाबराव आला आणि अंगणातच उभा राहिला.

“कस्तुरा, आजपासून तुह्या उंबऱ्याले माहा पाय लागनार नाही. अन् तुही भाकर माह्या तोंडाले लागनार नाही.”

“बरं,” कस्तुरा म्हणाली. “पन दार मी लावनार नाही.”

त्या दिवसापासून ती रोज एक भाकर जास्त थापू लागली. भाऊ येईल म्हणून. तो यायचा नाही. ती भाकर दारी आलेल्या भुकेल्याला जायची. प्रार्थनेला बसली की पहिलं नाव भावाचं, मग लेकरांचं.

मोठ्या साथीच्या साली रामराव गेले. कस्तुराबाईंनी दोन मुलं वाढवली, घरात सून आणली. दर रविवारी त्यांच्या अंगणात उपासना भरायची. बोटाने एकेक अक्षर दाबत त्या पवित्र शास्त्र वाचायच्या, आणि कोणी डुलकी घेतली तर म्हणायच्या, “झोपाचं असन त घरी बाज नाही का तुह्या?”

तेव्हा लोक पायविहिरीत उतरून पाणी भरायचे. त्या पाण्याने नारू व्हायचा. पायातून दोऱ्यासारखा लांब किडा निघायचा. तो ओढला तर तुटतो, पाय सुजतो, माणूस खाटेला खिळतो. पाय पाण्यात बुडवून रोज थोडाथोडा काडीवर गुंडाळावा लागतो. बाई हे मिशनच्या दवाखान्यात शिकल्या होत्या. एका सकाळी गावातली एक माळीणबाई पायात नारू निघाला म्हणून रडत आली. पाय बुडवायला रुंद भांडं हवं होतं. बाईंनी माझ्यातलं पीठ सुपात ओतलं आणि मला उचललं.

सून पंचफुला घाबरली. “आत्याबाई, ही त माहेरची परात. हिच्यात पीठ कसं मळाचं आता?”

“नाही मळाचं. प्रभूनं शिष्याइचे पाय धुतले, तवा भांडं कोनाच्या माहेरचं हाये हे इचारलं होतं का?”

मित्रांनो, मी मनात फार रुसले. निजामुद्दीन कल्हईवाला दरसाल यायचा. सगळी भांडी त्याच्यापुढे मांडून बाई माझ्याकडे बोट करायच्या, “तिले नाही.” पाय धुवायच्या भांड्याला कल्हई कोण करतं? मी अंगणात पडून राहू लागले. किती पाय माझ्यात आले ते मोजलं नाही. धुतलेलं पाणी बाई विहिरीपासून लांब, तापलेल्या मुरमावर ओतायच्या.

मग एका उन्हाळ्यात अंगणात बैलांची दमणी थांबली. गुलाबराव उतरला. नारू निघाला तसा त्याने चिडून स्वतःच ओढला होता. पाय भोपळ्यासारखा सुजला होता.

“ओढला ना?” बाई म्हणाल्या. “धीर धरनं आपल्या घरान्यात कोनाले आलं?”

“मी आत येनार नाही, कस्तुरा.”

“तुले आत कोनं बोलावलं? निंबाखाली बस. पाय इथं ठेव.”

त्याने काठावरचं नाव वाचलं. “भाकरीची परात पायाले लावली तुनं?”

“पाय तुहाच हाये. वाईट वाटत असन त उचल.”

त्याने पाय उचलला नाही. वीस दिवस तो दमणीतच निजला, आसेगावहून येणारी शिदोरी खाल्ली, आणि बाईंनी कडुनिंबाच्या पाण्याने त्याचा पाय धुतला. जायच्या दिवशी त्यांनी गरम भाकर हातावर धरली. त्याने हात मागे घेतला.

“शब्द देल्ला हाये मी.”

“मीबी देल्ला हाये. दार उघडं हाये.” मग त्यांनी ती भाकर त्याच्या बैलाला चारली. “घे बापा. तुनं काई शपत घेतली नाही.”

त्रेचाळीस साली, पौषात, कस्तुराबाई गेल्या. मंडळी जमली, गीत सुरू झालं. गुलाबराव काठी टेकत आला आणि उंबऱ्याशी अडला.

पंचफुला म्हणाली, “मामाजी, दार उघडंच हाये. त्याइनं कधी लावू देल्लं नाही.”

नारूचा व्रण असलेला पाय त्याने आत टाकला. मला मागून घेतलं. लोकांचे नारू काढायला गावोगाव चालून भेगाळलेले बहिणीचे पाय त्याने माझ्यात धुतले. माझ्यात पुष्कळ पाणी पडलंय, पण ते पाणी मला जड गेलं.

महिन्याने तो निजामुद्दीनला घेऊन आला. “हिले कल्हई कर.”

“पाटील, बाईनं मना केलं होतं. पायाची परात हाये.”

“माहं नाव हाये तिच्यावर. मी सांगतो.”

नवसागराचा धूर निघाला, कापसाचा बोळा फिरला आणि मी आतून पांढरीशुभ्र झाले. “सूनबाई, भाकर टाक,” तो म्हणाला. इतक्या वर्षांनी माझ्यात पीठ पडलं. तो चुलीपाशी बसून मिठाबरोबर भाकर खाऊ लागला. अर्ध्यावर थांबला.

“तिच्या हातची अशीच व्हाय का?”

पंचफुलाने खाली बघितलं. “नाही मामाजी. त्याइची पातय व्हाय, कागदावानी.”

उरलेली भाकर त्याने सावकाश संपवली.

मित्रांनो, मला राखेने घासा, माझ्यात पीठ मळा, कुणाचा पाय दुखत असेल तर तोही धुवा. मी आता रुसत नाही. मला कल्हई पुन्हा मिळाली. पण तुमच्यासाठी कुठे रोज एक भाकर जास्त थापली जात असेल, तर ती गरम आहे तोवर जा.