उंटाची मान

आमची ही जाऊन चार महिने झाले होते, तेव्हा मी नातीचा उंट धुतला. धुतला म्हणजे घालवला.

उंट हिनेच शिवलेला. नात वर्षाची असताना स्वतःच्या जुन्या पिवळ्या गाऊनच्या मऊ कापडातून शिवला होता. नात आता साडेचार वर्षांची आहे. आई कामावर असते तेव्हा ती दिवसभर माझ्याकडे असते. दुपारी जेवली की उंटाची मान हनुवटीखाली घ्यायची आणि दोन मिनिटांत झोपायची. उंटाला वास यायला लागला म्हणून मी तो अख्खा साबणाच्या पाण्यात बुडवला. ही तसं कधी करायची नाही. ती पोट उसवून कापूस काढायची, नुसतं कापड धुवायची आणि पुन्हा भरायची. हे सगळं माझ्यासमोर व्हायचं, पण माझं लक्ष कधी नव्हतं.

आठवडा झाला तरी उंट वाळेना. आत कापसाचे गोळे झाले, मग वर काळे डाग आले. शेवटी मुलीने तो पिशवीत बांधून कचऱ्यात टाकला. तेव्हापासून नातीची झोप गेली. दुपारी आडवी व्हायची, छताकडे बघत राहायची. संध्याकाळी आई आली की किरकिर सुरू. रात्रीही धड नाही. मुलगी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करते, दिवसभर लोकांची बोलणी खाते. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं.

तिने दुकानातून एक अस्वल आणलं. नातीने त्याला खुर्चीत बसवलं, "बस इथे" म्हणाली आणि पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही.

"मी शिवतो उंट," मी म्हणालो.

मुलगी चपला घालता घालता थांबली. "तुम्ही, बाबा?"

"चाळीस वर्षं मग काय केलं मी?"

"गाड्यांची सीट कव्हरं शिवलीत."

"सुई तीच असते."

"उंटावरचे शहाणे ऐकून होते. आता उंट शिवणारे शहाणे बघायचे." ती हसली. मग दारातून मागे वळून म्हणाली, "पण बाबा, ती रोज विचारते उंट कधी येणार. एकदा हो म्हणालात तर तो झालाच पाहिजे. मला झोप नाही हो, खरंच नाही."

मी हो म्हणालो.

हिच्या डब्यात कागदी नमुने होते. हत्तीचे, सशाचे, उंटाचे. बालवाडीतल्या मुलांसाठी ती असे प्राणी शिवून द्यायची. उंटाचे नऊ तुकडे निघाले. कुठला कुठे जोडायचा हे कशावरही लिहिलेलं नव्हतं. गाऊनचं कापड शिल्लक होतं ते एका उंटापुरतंच, आणि तेही धुऊन धुऊन विरलेलं.

पहिला दिवस नुसता जुळवण्यात गेला. मदारीचे म्हणजे पाठीवरच्या उंचवट्याचे दोन तुकडे मी आधी पोटाला जोडले. नात बाजूला बसून बघत होती.

"आजोबा, उंटाला पोटात उंच असतं का?"

"नाही."

"मग?"

"मग उसवतो."

सीटचं काम सरळ असतं. जाड कापड, जाड दोरा, मोठं मशीन. हे कापड मशीनच्या दातांत गेलं की आत ओढलं जायचं, म्हणून मी हाताने शिवायला घेतलं. बोटं जाड, सुई बारीक. तीन दिवस लागले. भरताना मात्र मी कुचराई केली नाही. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक एकच तक्रार घेऊन परत येतं, की सीट बसली. त्यामुळे कोपऱ्याकोपऱ्यात दाबून भरायचं हे हाताला लागलेलं. उलथन्याच्या दांड्याने ठासून ठासून कापूस भरला. हिच्या उंटाची मान नेहमी लोंबायची, ती मला चूक वाटायची. माझ्या उंटाची मान काठीसारखी ताठ झाली. मी खूश होतो.

नातीने उंट घेतला, उलटसुलट बघितला. गादीवर ठेवून मान खाली दाबली. मान परत वर आली. तिने पुन्हा दाबली.

"हा झोपत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"याला झोप म्हटलं तरी उभाच राहतो."

मी मान उसवली, कापूस कमी केला, शिवली. तर ती मधोमध मोडल्यासारखी दुमडायला लागली. पुन्हा उसवली. शिवणीच्या बाहेर कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. सीटच्या कापडाला बोटभर माया ठेवली की दहा वेळा उसवा, काही होत नाही. या कापडाचे धागे नुसत्या नखाने सुटत होते. तिसऱ्यांदा उसवलं तेव्हा शिवायला कडाच उरली नव्हती.

मग बालवाडीच्या बाईंना बोलावलं. हिची जुनी मैत्रीण. त्यांनी चष्मा वर केला, उंट हातात घेतला आणि जरा दाबून बघितला.

"भाऊजी, यावर माणूस बसणार आहे का?"

"ठासून भरायचं नव्हतं?"

"पोट भरायचं. पण मानेत कापूस नसतोच. मानेत ती मोजा घालायची. एकच, सैल गुंडाळून. म्हणून तर ती वळते आणि मोडत नाही."

"कुठला मोजा?"

"तुमचाच की. विरलेला. मोजे हरवतात म्हणून घर डोक्यावर घ्यायचात ना तुम्ही?"

तो मोजा जुन्या उंटाबरोबर पिशवीत बांधून गेला होता. मी आतून दुसरा जुना मोजा आणला, बाईंनी तो मानेत घालून बघितला. मान हिच्या उंटासारखी पडली, अगदी तशीच. पण टाका घातला की कापड फाटत होतं. बाईंनी ते उजेडाकडे धरलं, तर पलीकडची खिडकीची चौकट दिसली.

"कापडात जीव राहिला नाही हो," त्या म्हणाल्या. "तीनदा उसवायला नको होतं. आधीच विचारायचं होतं मला."

"मला वाटलं येईल."

"तिला यायला दोन वर्षं लागली होती. पहिला उंट तिने चुलीत घातला, तुम्हाला सांगितलंही नसेल."

सांगितलं असेल. मला आठवत नाही.

मानेला माझ्या निळ्या सदऱ्याचं कापड लावून बाईंनी ती कशीबशी जोडून दिली. पिवळा उंट, निळी मान, आणि डोकं एका बाजूला कललेलं. त्या गेल्यावर मी तो नातीसमोर ठेवला. तिने निळ्या कापडावरून बोट फिरवलं. माझ्याकडे बघितलं. मी काय चेहरा केला होता कोण जाणे.

"छान आहे, आजोबा," ती हळूच म्हणाली.

जेवण झालं. तिने उंट घेतला, मान हनुवटीखाली घेतली आणि डोळे मिटले. मी शेजारी बसलो. झोपलेल्या पोराची मूठ सुटते, श्वास लांब होतो. नातीची मूठ घट्ट होती. पापण्या थरथरत होत्या. मध्येच तिने एक डोळा किलकिला करून मी बघतोय का ते बघितलं आणि पटकन मिटला. तिला ऊठ म्हणावं, की थोपटावं, की आपण बाहेर जावं, मला कळेना. हललो असतो तर तिचं सोंग मोडलं असतं. चार वाजेपर्यंत मी तसाच बसून राहिलो आणि ती तशीच पडून राहिली.

संध्याकाळी मुलगी आली. पर्सही न ठेवता तिने विचारलं, "झोपली?"

नात माझ्याकडे बघत होती.

"झोपली," मी म्हणालो. "चारपर्यंत."

मुलगी मटकन खुर्चीवर बसली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "सुटले, बाबा," ती म्हणाली.

नात तिच्या गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली.

"मी उद्या पण झोपेन," ती म्हणाली.